सुमारे सुमारगड

गेली पंचवीस वर्षं मी शाळेत गणित शिकवतो. उत्तराच्या आधी कुणी ‘सुमारे’ लिहिलं की त्याचा अर्धा गुण कापायचा, हा माझा शिरस्ता. उत्तर असतं किंवा नसतं. सुमारे उत्तर म्हणजे सुमारे नापास. इतक्या वर्षांत कापलेल्या त्या सगळ्या अर्ध्या अर्ध्या गुणांचे शाप कुठेतरी साठत असणार. ते एकरकमी भोगायला मी सुमारगडावर गेलो.

नाव ऐकल्याबरोबर बायको म्हणाली, “सुमार? मग जरा बऱ्यापैकी गडावर जा की. रायगड आहे, राजगड आहे.”

“अगं, ते विशेषण नाही, विशेषनाम आहे,” मी म्हणालो.

“आधी जाऊन या. मग ठरवू काय आहे ते.”

रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यात सह्याद्रीच्या मुख्य भिंतीला समांतर अशी एक डोंगररांग आहे. तिच्या दक्षिण टोकाकडे रसाळगड, उत्तरेकडे महिपतगड आणि दोघांच्या मध्ये हा सुमारगड. तीन भावंडांत मधल्याचं जे होतं तेच याचं झालंय. रसाळगडाला झोलाई देवीचं देऊळ, तोफा, धान्याचं कोठार, अंगाखांद्यावर वाडी आणि वर्षभर येणारेजाणारे. महिपतगडाला सुमारे 120 एकरांचा ऐसपैस माथा, सहा दरवाज्यांची नावं आणि पारेश्वराचं देऊळ. मधल्याच्या वाट्याला कारवी.

(हे ‘सुमारे 120’ माझं नव्हे. जुन्या सरकारी कागदांत तसंच आहे. या रांगेवर मोजपट्टी घेऊन आलेला माणूसही बहुधा दुपारनंतर माझ्यासारखाच झाला असावा.)

गोष्ट सुमारे बारा वर्षांपूर्वीची. आम्ही चौघे होतो. म्होरके म्हणजे आमच्या सोसायटीतले काका. त्यांना सगळेच काका म्हणतात, त्यांच्याहून मोठा असलेला दूधवालासुद्धा. काका 1986 साली सुमारगडावर येऊन गेले होते आणि “वाट मला तोंडपाठ आहे” हे वाक्य त्यांनी कल्याणपासून खेडपर्यंत प्रत्येक स्टेशनावर एकदा म्हटलं. दुसरे डॉक्टर. दातांचे. डोंगरात दाताचा डॉक्टर बरोबर असण्याचा उपयोग कधी होत नाही, पण घरच्यांना फक्त ‘डॉक्टर आहेत बरोबर’ एवढंच सांगायचं असतं. तिसरा माझा मेहुणा. त्याने नुकताच एक महागडा मोबाईल घेतला होता आणि त्यात उपग्रह होते. चौथा मी, एका नव्याकोऱ्या निळ्या ट्रॅक पँटमध्ये. तिच्याबद्दल पुढे येईलच.

रात्रीच्या गाडीने खेडला उतरलो. स्टँडवर चहा, भुर्जीपाव आणि मग निमणीकडे जाणारी गाडी. निमणीहून रसाळगड म्हणजे फार काही नाही. दमलो, पण चारचौघांत सांगण्यासारखं नाही. गडावर तोफा जागोजाग पडलेल्या आहेत. मी स्वभावाप्रमाणे त्या मोजायला घेतल्या. मेहुण्याने मोजल्या, डॉक्टरांनीही मोजल्या. तिघांचे तीन आकडे आले. देवळाच्या ओट्यावर बसलेल्या गावकऱ्याने चौथा सांगितला. काका म्हणाले, “लिहा, सुमारे पंधरा.” माझ्या काळजात पहिली कळ तेव्हा आली.

संध्याकाळी देवळासमोर बसून मी समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलं आणि विचारलं, सुमारगडाला किती वेळ लागतो?

एक जण म्हणाला, “दोन तास.”

दुसरा म्हणाला, “दोन कसले, चार. ह्यांच्या पायानं.”

तिसरा म्हातारा होता. त्याने आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग डोंगराकडे, मग पुन्हा पोटाकडे. म्हणाला, “सकाळी लवकर निगा.”

तिघांत खरा हिशेबी तोच. त्यानेच विचारलं, “वाडीतलं कोण देऊ का संगती? वाट ऱ्हायली न्हाय आता.” त्यावर काका नुसते हसले. वाटाड्या घेणं त्यांना कमीपणाचं वाटतं. चष्मा न लावता वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाचा जो अभिमान असतो, तोच हा.

सकाळी सातला निघालो. पहिला तासभर धारेवरून उत्तम वाट होती. डावीकडे खाली दरीत धुकं, उजवीकडे सह्याद्रीची भिंत, कोवळं ऊन, डिसेंबरची हवा. मेहुण्याने छायाचित्रं काढली. त्या दिवसातली आम्ही चौघेही उभे असलेली छायाचित्रं तेवढीच. नंतरच्या सगळ्यांत कुणी ना कुणी रांगतंय.

तासाभराने वाटेला फाटे फुटले. काका थांबले. त्यांच्या 1986 च्या आठवणीत इथे एक मोठं आंब्याचं झाड होतं आणि त्या झाडाखाली एक म्हैस बसली होती. तिच्या शेपटीच्या बाजूने वर जायचं. काका आंब्याचं झाड शोधायला लागले. मी हळूच म्हटलं, “काका, झाड मिळेलही. पण म्हैस पंचवीस-सव्वीस वर्षं एका जागी बसत नाही.”

“खूण म्हणून सांगतोय रे,” काका म्हणाले आणि एका फाट्यावर आत्मविश्वासाने शिरले. पंधरा मिनिटांत वाट संपली आणि कारवी सुरू झाली.

कारवी म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तिच्या काठ्या एकाला एक लावून, बांधून, वर शेणमाती लिंपली की कुडाची भिंत होते. कित्येक पिढ्या त्या भिंतींच्या आड सुखाने झोपल्या. माझं म्हणणं एवढंच, की तिला कापून आणायची गरज नाही. ती रानात उभी असते तेव्हाही भिंतच असते. डोक्याच्या वर हातभर उंची, बोटाएवढ्या जाड काठ्या, दोन काठ्यांच्या मध्ये अंतर माणसाच्या खांद्याहून कमी आणि पावसाळा संपलेला असल्यामुळे सगळी पानं करकरीत वाळलेली. सात वर्षं ती नुसती वाढते आणि आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळा करते, तेव्हा तिचे फोटो छापून येतात. आम्ही गेलो ते वर्ष नुसतं वाढण्याचं होतं.

कारवीत चालण्याचं एक शास्त्र आहे. पहिला माणूस काठी वाकवतो आणि पुढे सरकतो. मग ती काठी सुटते आणि दुसऱ्या माणसाच्या तोंडावर बसते. दुसरे डॉक्टर होते. पहिले दोनतीन फटके त्यांनी हसून घेतले. नंतर प्रत्येक फटक्याला “हां, आता” असं म्हणू लागले. म्हणजे एरवी ते पेशंटला दात उपटण्याआधी जे म्हणतात, तेच. मग काकांनी सभ्यपणाने ठरवलं की वाकवलेली काठी मागचा धरेपर्यंत सोडायची नाही. तोही प्रयोग केला. चौघे चार काठ्या धरून उभे राहिलो आणि पुढे कुणालाच जाता येईना.

पाऊण तासाने आम्हाला वाट सापडली. चांगली मळलेली, खालून साफ. अडचण एकच, ती बोगद्यासारखी होती आणि बोगद्याची उंची सुमारे तीन फूट. खाली माती उकरलेली, खुरांचे ठसे ताजे. रानडुकरांची वाट. काका म्हणाले, “जनावराची वाट कधी चुकत नाही.” हे अगदी खरं आहे. डुक्कर चुकलेलं नव्हतंच. त्याला जिथे जायचं होतं तिथे ती वाट अचूक जात होती. फक्त डुकराला गडावर जायचं नव्हतं.

आम्ही ओळीने गुडघ्यांवर आणि तळव्यांवर चाललो होतो. माझ्यापुढे मेहुणा होता. तेवढ्या अवस्थेतही त्याच्या एका हातात मोबाईल होता. “भावोजी,” तो मागे न बघता म्हणाला, “गड साडेतीनशे मीटर.”

मला बरं वाटलं. निदान एक आकडा तरी ‘सुमारे’शिवाय आला.

अर्ध्या तासाने विचारलं, आता किती?

“तीनशे साठ.”

“आपण उलटे चाललोय का रे?”

“नाही भावोजी. दिशा बरोबर आहे. गडच सरकतोय.”

मग माझ्या ध्यानात आलं. उपग्रह वरून बघतात. त्यांना दिसतो तो नुसता पाया. काटकोन त्रिकोणाची उंची आणि कर्ण या गोष्टी आमच्या गुडघ्यांच्या वाट्याला आल्या होत्या. आणि हा सह्याद्रीचा काटकोन. त्याच्या प्रत्येक बाजूत आणखी दोन ओढे आणि एक घळ असते. पायथागोरसला कोकणातून घाटावर जायची वेळ आली नसावी, नाहीतर त्याने प्रमेयाखाली एक टीप जोडली असती. साडेदहाच्या सुमारास बॅटरी संपली आणि उपग्रह गेले. ते गेल्यावर आमची अवस्था आधीपेक्षा फार वाईट झाली असंही नाही.

बोगद्यातून सरळ वर काढायचं ठरलं आणि आम्ही एका जाळीत घुसलो. जाळी शिकेकाईची होती. शिकेकाई केसांना लावली की केस मऊ होतात हे आपण लहानपणापासून ऐकतो. झाडाला ते माहीत नसतं. तिचे काटे आकडीसारखे वळलेले असतात. आत जाताना काही करत नाहीत, मागे येताना धरून ठेवतात. माझ्या निळ्या ट्रॅक पँटला तिने उजव्या मांडीवर धरलं. मी पुढे ओढलं, तिने मागे ओढलं. टरकन आवाज झाला आणि कंबरेखालपासून गुडघ्यापर्यंत मला मोकळी हवा लागली. एक वीतभर पट्टी तिने स्वतःकडे ठेवून घेतली. ती सोडवायला मागे जाण्यात शहाणपण नव्हतं.

इथपर्यंतही ठीक होतं. पण जाळीतून बाहेर पडल्यावर मेहुण्याला एक वेल दिसला. वेलावर शेंगांचे घोस, शेंगांवर सोनेरी तपकिरी मखमल, उन्हात चमकणारी. “काय सुंदर आहे!” असं म्हणून त्याने घोस हातात धरला. वारा होता. माझी उजवी मांडी उघडी होती.

खाजकुयली माहीत नसलेला माणूस जगात सुखी असतो. मेहुणा पाच मिनिटं सुखी होता. मग त्याने हात चोळला, मग त्या हाताने मान पुसली, मग मान वळवली, मग बसला, मग उठला, मग डोंगरावर जागा नसताना नाचायला लागला. डॉक्टर म्हणाले, “अरे, ही तर कपिकच्छू! आयुर्वेदात फार महत्त्वाची. हिच्या बियांत एल-डोपा असतं. कंपवातावर देतात.” हे सांगता सांगता त्यांचं स्वतःचं कोपर त्यांनी एका दगडावर घासायला सुरुवात केली. त्यानंतर बराच वेळ ते वैद्यकीय विषयावर बोलले नाहीत.

कुत्री भुंकल्याचा आवाज आला तेव्हा आम्ही त्या दिशेने जे धावलो, त्याला मी तरी ‘उतरणं’ म्हणणार नाही. खाली सपाटीवर धनगरवाडा होता. चारपाच घरं, गवताची उडवी, गोठे. कोकणातले हे गवळी-धनगर. इथल्या पावसात मेंढरं टिकत नाहीत, म्हणून यांच्याकडे म्हशी आणि गाई. अंगणात एक मामी शेणाच्या गोवऱ्या थापत होती. तिने चार पुरुषमाणसं खाजवत येताना पाहिली. तिला काही विचारावं लागलं नाही.

“कुयली लागली जणू,” ती म्हणाली आणि हातातल्या शेणाचा गोळा तसाच पुढे केला. “लावा.”

डॉक्टर जरा मागे सरले. “याला तसा शास्त्रीय आधार...”

“मग खाजवत बसा,” मामी म्हणाली आणि पुढची गोवरी थापायला घेतली.

एवढा नेमका सल्ला मी कुठल्याही दवाखान्यात ऐकलेला नाही. आम्ही लावलं. म्हशीचं ताजं शेण पहिल्यांदा गार लागतं, मग वाळतं, मग कातडी ओढल्यासारखं होतं. ते खरवडून काढलं की त्या बारीक कुसांतल्या बऱ्याचशा त्याबरोबर निघून येतात. निम्मी खाज गेली. सुमारे निम्मी. मामीने वर चौघांना तांब्याभर ताक दिलं. पैशांचं नाव काढल्यावर तिने असं बघितलं की आम्ही पाकीट परत खिशात घातलं. माझा खिसाही फाटलेला होता, पाकीट खाली पडलं, हा भाग वेगळा.

मग मामा आले. वय साठ असेल, सत्तर असेल. डोक्याला मळकी टोपी, पायात प्लॅस्टिकच्या चपला, कमरेला लाकडी आकडी आणि आकडीत कोयता. शेणाने माखलेल्या आमच्याकडे त्यांनी जरा वेळ बघितलं.

“कोनच्या वाटंनं आलाव पावनं?”

“जुन्या,” काका म्हणाले. “शहाऐंशी सालच्या.”

“ती मोडली,” मामा म्हणाले.

वाट मोडली. घर मोडतं, संसार मोडतो, तशी वाटही मोडते हे मला तोवर माहीत नव्हतं. मामांनी बिडी पेटवली आणि सांगितलं. पूर्वी या धारेवरून इकडच्या वाडीतून तिकडच्या वाडीत माणसं जायची. लेकी माहेरी याच वाटेने यायच्या, लाकूडफाट्याला लोक यायचे, गुरं चरायची. आता पोरं मुंबईला आणि पुण्याला. खालून रस्ता आला, जीप आली. लेक माहेरी येते ती गाडीतून, डोंगराला वळसा घालून. वाटेवर पाय कुणाचा पडणार? “दोन पावसाळं माणूस आला न्हाय की कारवी वाट खातीया,” मामा म्हणाले. काका काही बोलले नाहीत. त्यांच्या आंब्याचं काय झालं तेही त्यांनी विचारलं नाही.

“मामा, गडावर याल का आमच्याबरोबर?” काकांनीच विचारलं. आदल्या संध्याकाळी हेच काका देवळासमोर हसले होते, याची आठवण कुणी काढली नाही.

“चला की. हितंच हाय. दोन बिड्या.”

इथून माझा आणि मापन पद्धतीचा शेवटचा सामना सुरू झाला. एक बिडी म्हणजे किती अंतर, हे मी घड्याळ लावून काढायचं ठरवलं. मामा कारवीतून जाताना बिडी पेटवत नाहीत. वाळल्या रानाला आग लागते हे त्यांना सांगायला लागत नाही. म्हणजे बिडी फक्त उघड्या कातळावर. कातळ आला की बसायचं, पेटवायची. चार झुरके झाले की ती विझते. विझलेली कानामागे जाते. पुढच्या कातळावर तीच पुन्हा. अशी एक बिडी संपायला तीन कातळ लागले. दोन बिड्या म्हणजे सहा कातळ. सहाव्या कातळानंतर मी म्हटलं, “मामा, दोन झाल्या की.”

“ती मघाची धरू नका. ती वली हुती.”

पण मामांच्या मागे चालणं म्हणजे वेगळंच काम होतं. सकाळी चार तास आम्ही कारवीशी कुस्ती खेळलो होतो. मामा कुस्ती खेळतच नव्हते. कोयता क्वचित बाहेर निघे. बहुतेक ठिकाणी ते नुसते जरा तिरके होत आणि कारवी त्यांना जाऊ देई. चपलेचा आवाज नाही, पानांचा आवाज नाही. मध्येच एखादी काठी खटकन तोडून तिचं पांढरं टोक वर ठेवत. “येताना तुमाला दिसंल,” म्हणायचे. त्यांना स्वतःला ते लागत नव्हतं.

शेवटी कातळ आला. गडाचा माथा वर दिसत होता आणि आमच्यामध्ये उभा काळा दगड, त्यात कुणाच्या तरी पायांनी झिजलेल्या खोबण्या आणि शेजारी दरी. मी दरीकडे बघितलं नाही. दरी तिथे आहे एवढी माहिती मला पुरेशी होती.

“मामा, किती उंच आहे हे?”

“लई न्हाय. दोन मानसं.”

“कुठली माणसं?” मी विचारलं. माझी उंची पाच फूट तीन इंच, मेहुण्याची सहा. दोन मी आणि दोन मेहुणे यांत दीड फुटांचा फरक पडतो आणि त्या जागी मला दीड फूट फार महत्त्वाचे वाटत होते. मामांनी उत्तर दिलं नाही. ते वर पोचले होते. चपला काढून त्यांनी कमरेला खोचल्या होत्या, एवढाच काय तो त्यांनी कातळाला दिलेला मान.

काकांनी पिशवीतून दोर काढला. नायलॉनचा, निळापांढरा. मी तो ओळखला. त्यांच्या गॅलरीत चाळीस दिवसांपूर्वीपर्यंत त्यावर टॉवेल वाळत होते. मामांनी तो वर फेकायला लावला, हातात घेऊन ताणला आणि न बोलता गुंडाळून परत खाली टाकला. मग वरून नुसता आवाज येऊ लागला. “उजवा हात वर. त्याच्या वर. हां. पाय थितं. थितं न्हाय, थितं.” अर्ध्यावर माझा पाय कापायला लागला. कंपवातावर खाजकुयली देतात हे आठवलं. गुण आला नव्हता. तेवढ्यात माझी कॉलर कुणीतरी धरली आणि मी मांजराच्या पिलासारखा वर उचलला गेलो. पाच फूट तीन इंच, बहात्तर किलो. सत्तरीच्या माणसाच्या एका हातात.

गडावर काय आहे? लोक हेच विचारतात, म्हणून सांगून टाकतो. कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. खोदीव गुहेत एक शिवपिंड आहे. कमरेएवढं पिवळं गवत आहे. दरवाजा शोधू नका, वाडे शोधू नका. मामांनी दाखवलेल्या टाक्याचं पाणी आम्ही ओंजळीने प्यायलो. आधी घोटभर, मग पोटभर. आत वाकलं की पाण्याचा गारवा तोंडावर येत होता आणि तळाचा दगड दिसत होता. मेहुण्याने तेवढ्यात दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात बुडवायचा प्रयत्न केला, तेव्हा मामा पहिल्यांदा ओरडले. पिण्याचं पाणी आहे ते. कातळावरच्या दुसऱ्या डबक्यापाशी नेऊन त्यांनी त्याला शेण धुवायला लावलं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आख्ख्या गडावर एकही नाव लिहिलेलं नव्हतं. ना चुन्याने, ना खिळ्याने, ना बदामात बाण घालून. प्रेमात पडलेल्यांना इथवर यायला जमत नसणार. किंवा येईपर्यंत उतरत असणार.

गवतात उताणा पडलो. एका बाजूला रसाळगड, जिथून आम्ही सकाळी निघालो होतो तो, इतका जवळ दिसत होता की राग यावा. दुसरीकडे महिपतगडाचं थोराड धूड. समोर सह्याद्रीच्या भिंतीवर खोगिरासारखा मकरंदगड आणि त्याच्या पलीकडे जावळी. ती शिवरायांनी 1656 साली चंद्रराव मोऱ्यांकडून घेतली. चौथीच्या इतिहासात जावळीचं रान घनदाट होतं एवढं एका ओळीत असतं आणि आपण परीक्षेपुरतं पाठ करून पुढे जातो. आम्ही तर नुसते तिच्या शेजारच्या रानात होतो आणि सकाळपासून त्या एका ओळीतच अडकलो होतो. ना फौज, ना तोफा, ना मागे लागलेलं कुणी. तरी बाहेर काढायला धनगरवाड्यातली कुत्री भुंकावी लागली.

काका जरा लांब बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “तेव्हा हे गवत नव्हतं रे एवढं.” मग थोडं थांबून, “किंवा असेल.”

मामा म्हणाले, महिपतगड याच धारेने पुढे, वाडी बेलदार फार लांब नाही. “चार बिड्या.” आम्ही चौघांनी एकाच वेळी, एकाच सुरात नको म्हटलं. (पुढल्या वर्षी गेलो महिपतगडाला, पण दहिवलीकडून, खालून, मळलेल्या वाटेने, फुल पँट घालून. त्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही.)

उतरताना मामांच्या पांढऱ्या खुणा खरोखरच दिसत होत्या. धनगरवाड्यात पोचेपर्यंत अंधार पडला. मामीने भाकरी, मिरचीचा ठेचा आणि दूध दिलं. मांडीला टॉवेल गुंडाळून मी जेवलो.

सकाळी निघताना प्रश्न आला पैशांचा. मामांना विचारलं, काय द्यायचं?

मामा म्हणाले, “द्या काय ते सुमारानं.”

मी अंगणात खाली बसलो. एवढ्या तासांची मजुरी. अधिक कॉलर धरल्याचे. अधिक चार माणसांचं जेवण आणि ताक, शेण वेगळं. वजा काही नाही. काडीने जमिनीवर आकडे मांडले. काकांनी एक आकडा सांगितला, डॉक्टरांनी दुसरा, मेहुण्याने तिसरा. रसाळगडच्या तोफांसारखंच झालं. शेवटी चौघांची पाकिटं एकत्र केली, परतीच्या गाडीचं भाडं ठेवलं आणि बाकीचं मामांच्या हातात दिलं. त्यांनी न मोजता नोटा टोपीत सारल्या आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

घरी आल्यावर बायकोने दार उघडलं. माझ्या पँटकडे बघितलं, दोन पावलं मागे सरून वास घेतला आणि म्हणाली, “ठरलं का मग? विशेषण की विशेषनाम?” मी आंघोळीला गेलो.

आणि हो, अर्धा गुण मी अजूनही कापतो.

तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड पँट घाला, प्रत्येकी तीन लिटर पाणी घ्या आणि वाडीतला माणूस बरोबर घेतल्याशिवाय धारेवरून पुढे पाऊल टाकू नका. तो मागेल तो दाम द्या; मागणार नाही, तेव्हा जास्त द्या. आणि रसाळगडाहून निघाल्यावर शिकेकाईच्या जाळीत वीतभर निळं कापड लोंबताना दिसलं, तर ती कुणी वाटसरूंच्या सोयीसाठी बांधलेली खूण नाही. तिथून मागे फिरा.